कागदावर ली, थडग्यावर वाँग

प्रश्न : माझे जावई चिनी वंशाचे, जन्म कॅलिफोर्नियातला. त्यांचे आजोबा १९३१ साली ग्वांगडोंगहून बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आले. नातीला घराण्याचा इतिहास लिहायचाय. पण आजोबांच्या सगळ्या कागदांवर आडनाव ली आणि थडग्यावर चिनी लिपीत वाँग! विचारलं की मोठी माणसं विषय बदलतात. शोध कुठून सुरू करावा?
— एक आजी, फ्रीमाँट

उत्तर : ताई, थडग्यावर विश्वास ठेवा. चिनी मजुरांना १८८२ पासून अमेरिकेत बंदी होती, तो कायदा १९४३ साली उठला. नागरिकाच्या मुलाला मात्र येता येई. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा ‘माझा जन्म इथलाच’ म्हणत अनेकांनी नागरिकत्व मिळवलं. मग गावी जाऊन आलं की मुलगा झाल्याचं नोंदवायचं आणि ती जागा पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलाला द्यायची. हे ‘कागदी मुलगे’. तुमच्या व्याह्यांचे वडील त्यांतलेच असावेत. त्यांना कोणी लबाड म्हणू नये. कायदाच अन्यायाचा होता.

सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांची फाइल ली नावानेच मागा. सोबत बोटीचं नाव, आल्याची तारीख आणि चिनी रीतीप्रमाणे लग्नानंतर घेतलेलं दुसरं नाव असेल तर तेही कळवा. फाइल मिळाली तर फोटो असेल आणि एंजल आयलंडवरची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या बेटावर येणाऱ्यांना अडवून घेतलेली, जबानी असेल. ती सावकाश वाचा. विहीर घरापासून किती लांब? तुमच्या ओळीत घरं किती? तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाची कणगी कुठे? हेच ‘बापा’ला नि ‘भावा’लाही विचारत आणि उत्तरं ताडून बघत. पोरं ही उत्तरं वहीतून पाठ करत आणि किनारा यायच्या आत वही समुद्रात टाकत.

म्हणूनच त्या जबानीतलं गाव कागदी बापाचं असू शकतं. तेवढ्यावर तिकीट काढू नका. नातीला दोन वंशवृक्ष काढू द्या, एक लीचा, एक वाँगचा.

१९५६ पासून सरकारने खोट्या नावाने आलेल्यांसाठी कबुलीची योजना चालवली. आजोबांनी कबुली दिली असेल, तर खरे आईबाप आणि खरं गाव त्यांच्या ए-फाइलमध्ये, म्हणजे स्थलांतर खात्याने त्यांच्यावर ठेवलेल्या फाइलमध्ये, सापडण्याची आशा आहे. पण एकाच्या कबुलीत सगळं कुटुंब उघडं पडे, म्हणून कित्येक गप्प राहिले. ती फाइल मागवण्याआधी व्याह्यांशी बोला, आणि अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या.