व्यसनाची माहिती आधी घराला हवी

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. आठवीत असताना त्याला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची सवय लागली आणि आता तो गांजा ओढतो, झोपेच्या गोळ्याही घेतो. कापूस विकून आलेले पैसे घरातून नाहीसे होतात. त्याची उधारी आम्ही गुपचूप फेडतो. त्याचे वडील म्हणतात, चांगला मार बसला की सुधारेल. दहावीतली मुलगी अबोल झाली आहे. एका नातेवाइकाने भाजीत मिसळून द्यायची पुडी आणून दिली आहे. आमच्या बचत गटाला शाळेत या विषयावर कार्यक्रम घ्यायचा आहे, पण त्याने पोरांना नको ते कळेल, असे गावातले म्हणतात. काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, ती पुडी भाजीत मिसळू नका. तिच्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि आधीच गोळ्या घेणाऱ्या मुलाला नकळत दिलेले औषध त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याच्या गोळ्याही एकाएकी बंद करायला लावू नका. बराच काळ घेतलेल्या झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. गांजा सुटताना पहिले एक-दोन आठवडे चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही. नेमक्या याच दिवसांत घरच्यांना वाटते की पोरगा आणखी बिघडला, आणि भांडण पेटते.

व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट त्याच्या वडिलांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवी. शक्य असल्यास डॉक्टरांनीच. मारामुळे मुलगा लपवायला शिकतो, आणि लपवणारा मुलगा उपचाराला लवकर येत नाही. उधारीबद्दल मात्र मी स्पष्टच सांगते : ती फेडणे थांबवा. तुम्ही मायेपोटी फेडता हे मला कळते, पण प्रत्येक वेळी पुढच्या नशेची सोय होते. जेवण आणि औषधोपचार यांचा खर्च करा, रोख पैसा हातात देऊ नका, आणि हे त्याला वडिलांच्या समोर, दोघांच्या एकमताने सांगा.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. मुलगा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही दोघे जा. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरचे लोकही सल्ला घेऊ शकतात. पोलिसांची भीती बाळगून घरी बसू नका. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानेही काही अटींवर खटल्यापासून संरक्षण दिले आहे.

शाळेतला कार्यक्रम जरूर घ्या. पोरांना नको ते कळेल ही भीती मला पटत नाही, कारण खर्ऱ्याची पन्नी वर्गातल्या मुलांच्या खिशात आधीच पोहोचलेली असते. सडलेल्या तोंडाची चित्रे दाखवून मुले क्षणभर घाबरतात आणि विसरतात, त्यापेक्षा मित्राने आग्रह केला तर काय बोलून निघायचे, हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष बोलवून घ्या. त्याच दिवशी आईबापांचीही बैठक लावा. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती देणे 2003 च्या कायद्याने मना आहे. गटाने ही बाब ग्रामसभेत मांडावी आणि पानठेल्यांबाबत ठराव करून घ्यावा.

मुलीचा विषय तुम्ही एका ओळीत लिहिला आहे, पण मला तो सर्वांत जास्त सलतो. भावावर नजर ठेवण्याचे, त्याचे खिसे तपासण्याचे काम तिच्याकडे असेल तर ते आजच काढून घ्या. घरात जे चालले आहे त्यात तिचा काही दोष नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि दहावीच्या अभ्यासासाठी तिला संध्याकाळी शेजारी किंवा मामाकडे शांत जागा मिळते का ते पाहा. तिला कोणाशी तरी मोकळे बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.