विल्यम हेन्री जॅक्सनच्या फोटोंमुळेच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं का?

बऱ्याच अंशी हो, पण केवळ त्याच्या फोटोंमुळे नाही. १८७१ साली भूगर्भशास्त्रज्ञ हेडनच्या सरकारी सर्वेक्षणासोबत जॅक्सन तिथे गेला. त्या काळी काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढून तिथल्या तिथे तंबूत धुवायची. धुण्याआधीच वाळली की वाया. एवढं सगळं सामान खेचरावर! धुतल्यावर मात्र काच वाळायला हवी; गरम झऱ्याच्या पाण्याने धुतल्यामुळे काचा निम्म्याहून कमी वेळात वाळल्या, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. हे फोटो अमेरिकी काँग्रेसपुढे पुरावा म्हणून ठेवले गेले आणि १ मार्च १८७२ रोजी कायदा झाला. मात्र हेडनचा अहवाल, टॉमस मोरानची चित्रं आणि रेल्वे कंपनीचा रेटाही तितकाच महत्त्वाचा होता.