हाड जुळलं, पण पाऊल उचलेना

"आई पडल्या, मनगट मोडलं, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणतात, आता सगळं ठीक आहे. मग आई खुर्चीतून उठत का नाहीत? वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?" ज्येष्ठांच्या घरांतून हा प्रश्न समुपदेशकाकडे सतत येतो, शब्द तेवढे थोडे इकडेतिकडे. उत्तर आधीच सांगून टाकू: सोडून द्यायचं नाही. पडण्याने जेवढं मोडतं, त्याहून जास्त पुष्कळदा पडण्याच्या धास्तीने मोडतं. ही धास्ती कमी करता येते, पण नुसत्या "घाबरू नका हो" म्हणण्याने ती एक तसूही हलत नाही.

पुण्याच्या कर्वेनगरमधली जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तिथल्या एका काकूंचं वय ७४. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहाटे तीनच्या सुमारास बाथरूमच्या दारात पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. त्याला पाच महिने झाले होते. पूर्वी खालून भाजी आणणाऱ्या, ज्येष्ठ नागरिक संघाच्या भजनाला न चुकता जाणाऱ्या काकू आता हॉलमधल्या खुर्चीतून जेवायला आणि बाथरूमला जायच्या तेवढ्याच उठत. तेही भिंत, टेबल, फ्रिज असं धरत धरत. चिडचिड वाढली होती, भूक मेली होती. सुनेची तक्रार होती की काकूंना झोप अजिबात लागत नाही. काकूंची तक्रार एकाच वाक्याची होती, "आता माझा कुणाला उपयोग नाही."

अशा वेळी मनाकडे वळण्याआधी शरीर तपासून घ्यावं लागतं. ही पायरी गाळली की पुढचं सगळं समुपदेशन पाण्यात जातं. चक्कर येत असलेल्या माणसाला धीर देऊन काय होणार? काकूंना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवताना एक खास तपासणी मागितली होती: पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर उभं राहताना मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतंय असं समजतात. काकूंचा वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला. बसून घेतलेल्या एकाच मापात हे कधीच दिसलं नसतं, आणि बहुतेक ठिकाणी तेवढंच घेतात.

कारणं तीन निघाली. रात्री बाथरूमला जावं लागू नये म्हणून काकूंनी दिवसभराचं पाणीच तोडलं होतं. सकाळ-संध्याकाळचा चहा आणि जेवताना अर्धा पेला, बस्स. दुसरं, रक्तदाबाच्या गोळीचा डोस पूर्वीच्या वजनावर आणि पूर्वीच्या आहारावर बेतलेला होता. तिसरं, झोपेसाठी अल्प्राझोलामची अर्धी गोळी. शेजारच्या वहिनींना लागू पडली म्हणून सुरू झाली आणि वर्षभर चालूच राहिली. ही गोळी पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाचा तोल हमखास बिघडवते. पण हे कळलं म्हणून ती एका रात्रीत बंद करायची नसते. महिनोन्‌महिने घेतलेली असली तर अचानक सोडल्यावर घबराट, थरथर, क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. डॉक्टरांनी ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली आणि रक्तदाबाची गोळीही बदलून दिली. पाणी दिवसाला सहा-सात पेले ठरलं, त्यातलं बहुतेक संध्याकाळी सातच्या आत. (हृदयाचा किंवा किडनीचा विकार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांनाच विचारावं.)

झोपेचं कोडं तर कागदावर लिहिताच सुटलं. काकू साडेआठला आडव्या व्हायच्या आणि अडीचला टक्क जाग्या. शिवाय दुपारी दोन तास झोप. म्हणजे आठ तास झोप होतच होती, फक्त चुकीच्या वेळी. दुपारची डुलकी तीन वाजायच्या आत अर्ध्या तासावर आणली आणि अंथरुणावर जायची वेळ साडेदहा केली. पहिला आठवडा जड गेला. साडेआठनंतर जागं राहायचं तर करायचं काय, हा प्रश्न मालिकांनी सोडवला.

मग पायांची ताकद. फिजिओथेरपिस्टने दोन साध्या चाचण्या घेतल्या. १७ इंच उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? सत्तर ते एकोणऐंशीमधल्या बायकांना दहाच्या खाली आलं तर पाय कमजोर धरतात. काकूंना सहा जमले. दुसऱ्या चाचणीत खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका. काकूंना एकोणीस लागले. म्हणजे काकूंची भीती पोकळ नव्हती. पाच महिने बसून पाय खरोखरच गेले होते. पडायची भीती म्हणून बसायचं, बसल्याने पाय जातात, पाय गेले की भीती खरी ठरते. चक्र कुठेतरी तोडायचं तर पायांपासून तोडणं सगळ्यात सोपं.

इथे घरच्यांच्या मायेचा भाग येतो. "अहो आई, तुम्ही बसा, मी करते" हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकलेल्या माणसाचे पाय कशाला टिकतील? सुनेला हे सांगताना जपून सांगावं लागलं, कारण तिने खरंच कष्ट घेतले होते. कामं परत द्यायची ठरली, पण बसून करायची नाहीत. पालेभाजी निवडणं, लसूण सोलणं हे आपण ज्येष्ठांना हमखास देतो आणि त्यांना आणखी घट्ट बसवतो. काकूंकडे दूध तापवणं, फोडणी आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालणं आलं. ओट्यासमोर उभं राहणं हा तोलाचा व्यायामच आहे: मागे पक्की खुर्ची, दोन्ही हात ओट्याच्या कडेवर, दूध वर येईपर्यंत टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या. आधी आठ वेळा, दोन आठवड्यांनी बारा. नंतर एका हाताने धरून, नंतर बोटांनी नुसता स्पर्श. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, टाच अंगठ्याला लावून दहा सेकंद उभं राहणं हे त्याच्या पुढचं. खुर्चीवरून उठबस दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच-पाच. खाली येताना धपकन न बसता तीन आकडे मोजत बसायचं, ताकद खरी तिथेच येते. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगते. नुसतं बागेत चालून ही गरज भागत नाही, हे पुणेकर ज्येष्ठांना पटवणं मात्र कठीण.

ताकद हवी तर जेवणही तसं हवं. काकूंचं वजन ५० किलो, म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. चहा-बिस्किट आणि मऊ वरण-भातात त्याच्या निम्मीही भरत नव्हती. दोन वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दोन कप दूध, दुपारी मूठभर भाजलेले फुटाणे, एका जेवणात पन्नास ग्रॅम पनीर, आणि दही. दातांनी फुटाणे फुटेनात, म्हणून त्यांची भरड ताकात गेली. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी हे माप परस्पर उचलू नये.

आता धास्ती. काकूंना विचारलं, पडायची नेमकी कशाची भीती वाटते? आधी उत्तर आलं, "हाड मोडेल." थोडं बोलल्यावर खरं बाहेर पडलं. त्या रात्री त्या वीस-पंचवीस मिनिटं ओल्या फरशीवर पडून होत्या, आवाज फुटत नव्हता, आणि दाराला आतून कडी होती. भीती पडण्याची कमी, पडून उठता न येण्याची जास्त. हे कळल्यावर उपचाराचा क्रम बदलला. चालणं शिकवण्याआधी उठणं शिकवायचं ठरलं.

गादीवर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, हे असं केलं. पडल्यावर घाईने उठायचं नाही. आधी एक मिनिट पडून राहून हात-पाय हलवून बघायचे. कंबर किंवा जांघ असह्य दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठायचंच नाही, हाका मारायच्या. काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन अंग उचलायचं, हात आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर. जो पाय जोरकस त्याचं पाऊल पुढे फरशीवर टेकवायचं, हात आणि पाय दोन्हींनी रेटायचं, वळून बसायचं. गुडघे दुखतात म्हणून रांगता येत नसेल तर बसूनच सरकत जिन्याच्या पायरीपाशी किंवा कमी उंचीच्या पलंगापाशी जायचं आणि पायरी-पायरीने वर चढायचं. पहिल्या दिवशी काकूंना गादीवर खाली बसायलाच दहा मिनिटं लागली. एकदा स्वतःहून उठल्यावर म्हणाल्या, "पुन्हा करू का?" तिथून गाडी रुळावर आली.

बाथरूममध्ये बदल चारच केले. कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असा लॅच लावला. कमोडच्या बाजूला भिंतीत ड्रिल करून पक्का दांडा बसवला. व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे ओल्या टाइलवर कधी सुटतील याचा नेम नाही आणि टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा. दारातलं सरकणारं पायपुसणं फेकून खाली रबर असलेलं आणलं. घासून गुळगुळीत झालेल्या स्लिपरही त्याच दिवशी गेल्या.

त्यानंतर भीतीची शिडी. कागदावर सात कामं लिहिली आणि प्रत्येकापुढे भीतीचे ० ते १० गुण. भिंत न धरता हॉल ते स्वयंपाकघर: ३. दार लोटून एकटीने अंघोळ: ४. एक मजला उतरून चढणं: ५. सोसायटीच्या आवारात फेरी: ५. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत एकटीने: ७. रस्ता ओलांडून संघाच्या भजनाला: ८. बसने तुळशीबागेत रामाच्या दर्शनाला: १०. खालून सुरुवात. एकच काम रोज, भीती निम्म्यावर येईपर्यंत. मग पुढचं.

यात एक नियम मोडला की सगळं फसतं. भीती शिगेला असताना घरी पळायचं नाही. थांबायचं, कठडा धरायचा, श्वास सावकाश सोडायचा आणि ती थोडी उतरली की मगच परतायचं. शिगेला असताना पळालं तर मन एवढंच शिकतं की घरी आलो म्हणून वाचलो. काकूंच्या बाबतीत भाजीवालीच्या पायरीवर हेच झालं. दुचाकी फुटपाथवरून गेली, काकू दचकून परत आल्या, आणि पुढचे आठ दिवस खाली जायचं नावच नाही. शिडीवर एक पायरी मागे येऊन पुन्हा आवारातली फेरी सुरू करावी लागली. भाजीची वेळ बदलून सकाळी दहानंतरची केली, तेव्हा रस्ता जरा शांत असतो.

सोबतीचंही तंत्र असतं. आपण ज्येष्ठांचं मनगट किंवा दंड धरून ओढतो, त्याने त्यांचा तोल जातो. हात आपण पुढे करायचा, धरायचा त्यांनी. जिना उतरताना सोबत्याने एक पायरी खाली राहायचं आणि चढतानाही खालीच, मागच्या बाजूला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून मान खाली घालून वरच्या भागातून बघायचं. काठीला काकूंचा सक्त नकार होता, छत्री चालेल म्हणाल्या. छत्रीचं टोक फरशीवर सरकतं आणि दांडा वजनाने वाकतो. शेवटी काठी आलीच, हात खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत येईल एवढ्या उंचीची, रबरी टोपणाची.

बंगळूरच्या मुलीने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता. काकू उठल्या की तिचा फोन: "आई, कुठे निघालीस? बस बघू." प्रेमच, पण उठायची चोरी झाली होती. कॅमेरा काढला, त्याऐवजी रात्री नऊला एक ठरलेला फोन. मुलीला हा बदल पचायला काकूंपेक्षा जास्त वेळ लागला.

मनःस्थितीची पंधरा प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची चाचणी सुरुवातीला घेतली होती. पाचाच्या वर गुण गेले की नैराश्याची शंका घेतात. काकूंचे सात होते. मानसोपचारतज्ज्ञांनी लगेच औषध न देता सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरवलं, आणि तेव्हा गुण चारवर आले होते. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना गोळी लागते, आणि ती लागली तर घ्यावी.

बारा आठवड्यांनंतर खुर्चीतून उठणं सहावरून अकरावर आलं आणि तीन मीटरची फेरी साडेअकरा सेकंदांवर. भजनाला काकू एकट्या जातात. तुळशीबागेत सून सोबत होती. बस पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठायचं नाही हा नियम काकूंनी वाहकालाच ऐकवला. पावसात मात्र अजून त्या घरीच बसतात, आणि पुण्यातले ओले पेव्हर ब्लॉक पाहता बाहेर पडायचा आग्रह कुणी धरलेला नाही.

हे सगळं घरच्या घरी सुरू करायचं नाही अशा काही खुणा आहेत. पडण्याआधी शुद्ध हरपली होती किंवा कसे पडलो हेच आठवत नाही, छातीत धडधड होते, एका बाजूला अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणं आहे, तर थेट डॉक्टर. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पडल्यानंतरच्या काही आठवड्यांत गुंगी, वाढती डोकेदुखी, गोंधळलेपणा दिसला तरीही, कारण डोक्यात रक्त सावकाश साचू शकतं. आणि "आता जगून काय करू" असं वारंवार येत असेल तर ते वयाचं बोलणं समजू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७.