‘रो विरुद्ध वेड’ (१९८९) : चित्रपटातून खटला कितपत कळतो?

१९८९चा टीव्ही चित्रपट ‘रो विरुद्ध वेड’ बघून मूळ खटला (गर्भपात हा घटनात्मक हक्क ठरवणारा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातला १९७३चा खटला) कळेल का, आणि खटला जिंकूनही त्या बाईला गर्भपात का करून घेता आला नाही, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. आधी दुसरा घेऊ, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

डॅलसच्या फेडरल कोर्टात याचिका दाखल झाली ३ मार्च १९७० रोजी. टेक्सासचा कायदा एकोणिसाव्या शतकातला; आईचा जीव वाचवण्यापुरतीच गर्भपाताला मुभा. तीन न्यायाधीशांनी १७ जूनला तो घटनाबाह्य ठरवला, पण मनाई हुकूम दिला नाही, म्हणजे तो कायदा वापरायला सरकारला बंदी केली नाही. डिस्ट्रिक्ट ॲटर्नी हेन्री वेड यांनी लगेच सांगून टाकलं की खटले भरणं चालूच राहील. अशा वेळी कोणता डॉक्टर हात लावणार? आणि तिच्यापुरती तर वेळ तोवर निघूनच गेली होती. निकालाआधीच ती बाळंत झाली होती. तरीही हुकूम नाकारला गेल्यामुळेच थेट सुप्रीम कोर्टात अपील करता आलं, हेही खरं.

मग बाळंतपणानंतर प्रकरण निकाली का निघालं नाही? याचिका तिच्या एकटीची नव्हती, तशाच अडचणीतल्या सगळ्या स्त्रियांच्या वतीने होती. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात न्या. ब्लॅकमन यांनी २६६ दिवसांचा हिशेब मांडलाय: गर्भारपण तेवढंच, अपील त्याहून लांबणार. दर वेळी ‘आता प्रसूती झाली’ म्हणून फाइल बंद केली, तर हा प्रश्न वरच्या कोर्टापर्यंत कधी पोचायचाच नाही. माझ्या मते अख्ख्या निकालातला हा सगळ्यात माणुसकीचा युक्तिवाद आहे.

आता चित्रपट. अभिनेत्री हॉली हंटरच्या पात्राचं, म्हणजे याचिकाकर्तीचं, नाव एलन रसेल आहे. खरी याचिकाकर्ती नॉर्मा मॅकॉर्वी; ‘जेन रो’ हे तिचं खटल्यापुरतं टोपणनाव. बलात्कार झाल्याचं तिने आधी सांगितलं होतं, ते खोटं असल्याचं १९८७मध्ये तिनेच कबूल केलं. याचिकेत तो मुद्दाच नव्हता, त्यामुळे निकाल त्या खोट्यावर उभा आहे हा आरोप टिकत नाही. एमी मॅडिगनने साकारलेल्या तिच्या वकील सारा वेडिंग्टन सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या युक्तिवादाच्या वेळी अवघ्या २६ वर्षांच्या होत्या. मात्र डॅलसमध्ये याचिका दाखल करणाऱ्या दुसऱ्या वकील लिंडा कॉफी यांचं नाव लोकांच्या लक्षात राहत नाही, याचं वाईट वाटतं.

चित्रपट दाखवला गेला १५ मे १९८९ला. तेव्हा मिसूरी राज्याच्या गर्भपातविषयक कायद्यावरच्या ‘वेब्स्टर’ खटल्याची सुप्रीम कोर्टात सुनावणी होऊन निकाल राखून ठेवलेला होता, आणि ‘रो’ टिकतो की जातो हीच चर्चा होती. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून बघा.

कोर्टातला ताण खरा कसा होता ते कळायला युक्तिवादांची ध्वनिमुद्रणं ऐका. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. १३ डिसेंबर १९७१च्या सुनावणीला सातच न्यायमूर्ती होते. टेक्सासचे वकील जे फ्लॉइड म्हणाले की स्त्री आपली निवड गर्भ राहण्याआधीच करते. त्यावर बेंचवरून प्रश्न आला: टेक्सासात राहायचं ठरवते तेव्हाच करते की काय? फेरसुनावणी ११ ऑक्टोबर १९७२ला झाली, निकाल २२ जानेवारी १९७३ला, ७ विरुद्ध २. निकालपत्र अख्खं वाचवत नसेल तर भाग ४ (खटला जिवंत का राहिला) आणि भाग ११ (तिमाहीनिहाय नियम) वाचा. ती तिमाहीची चौकट सुप्रीम कोर्टाच्याच १९९२च्या ‘केसी’ निकालात गेली, आणि २४ जून २०२२ला त्याच कोर्टाच्या ‘डॉब्स’ निकालाने ‘रो’च रद्द केला.

हे सगळं आपल्या कायद्यावर चिकटवू नका. भारतात गर्भपाताची परवानगी कोर्टातून नव्हे, संसदेतून आली. शांतिलाल शाह समितीनंतर १९७१चा कायदा झाला, २०२१च्या दुरुस्तीने स्त्रियांच्या काही गटांसाठी गर्भपाताची मर्यादा २४ आठवड्यांवर गेली, आणि २९ सप्टेंबर २०२२ला आपल्या सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात धरलं. त्यामुळे ‘डॉब्स’मुळे इथे काही बदललेलं नाही.