कोणतं धनुष्य हाती घ्यावं?

गेल्या अंकात तिरंदाजीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेते. मैदानावर मुलांना शिकवताना जे दिसतं, त्यावरूनच उत्तरं दिली आहेत.

ताई, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. अदिती स्वामीची स्पर्धा मोबाइलवर पाहिल्यापासून तिला धनुष्यच हवंय. दुकानदार म्हणतो, थेट कंपाउंड घ्या, पदकं त्यातच आहेत. घ्यावं का? – एक पालक, कराड

तुमच्या मुलीला जे दिसलं ते खरंच भारावून टाकणारं आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांची अंतिम फेरी जिंकली, आणि तीही १५० पैकी १५० गुण घेऊन. म्हणजे पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात. दोघांचा सराव तुमच्याच साताऱ्यात चालायचा. हे आठवलं की आजही ऊर भरून येतो.

पण धनुष्य घेण्याआधी फरक समजून घ्या. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. अमेरिकेत मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६० च्या दशकात ही रचना केली. सुरुवातीला दोरी जड जाते आणि चाक फिरलं की भार एकदम उतरतो. ताणायला ५० पाउंड जोर लागणारं धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातावर जेमतेम बारा-तेरा पाउंड उरतात. दोरीत बसवलेल्या बारीक भोकातून बघायचं, समोर भिंग आणि त्यात पातळी दाखवणारा बुडबुडा, आणि दोरी बोटांनी न सोडता रिलीजचं, म्हणजे दोरी धरणाऱ्या हातातल्या खटक्याचं, बटण दाबायचं. अंतर ५० मीटर, दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. इतक्या सोयी असल्यामुळे इथे चुकीला माफी नाही. एक नऊ पडला की अंतिम सामना हातचा जाऊ शकतो.

रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकाच्या धनुष्याचं, उलट आहे. ताणाल तितकं ते जड होत जातं, आणि सगळ्यात जड असतं नेमकं नेम धरायच्या क्षणी. दोरी तीन बोटांवर, भिंग नाही, अंतर ७० मीटर. आपल्या फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात उतरला होता.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. अकराव्या वर्षी कंपाउंड नको. तिची उंची वाढतेय, हात लांब होताहेत. कंपाउंडची ओढ ठरावीक लांबीला येऊन थांबते, ती सतत बदलून घ्यावी लागेल. शिवाय भार चाकं उचलतात, त्यामुळे पाठीचे जे स्नायू तयार व्हायला हवेत ते मागे राहतात. लाकडी रायझरचं (मधल्या मुठीच्या भागाचं) साधं रिकर्व्ह घ्या, चौदा ते सोळा पाउंडांचं. जास्तीचं घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. वर्षभर साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) न लावता दहा-पंधरा मीटरवर सोडू दे. कंपाउंड कुठे पळून जात नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा मिश्र सांघिक प्रकार येतोय, तेव्हा पुढे वाटा आणखी रुंदच होतील.

घरी एक गोष्ट तपासत राहा. तिच्या मागे उभं राहून बघा. दोरी ओढताना उजवा खांदा कानाकडे वर चढतोय का? चढत असेल तर धनुष्य जड आहे, वय वाढेपर्यंत थांबा किंवा हलकं आणा. खांदा खाली राहून कोपर मागे जात असेल आणि पाठीची पाती मणक्याकडे सरकताना दिसत असेल, तर पोर योग्य शिकतेय. आणि बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू द्यायची नाही. बाणाकडे जाणारी सगळी ताकद धनुष्यातच उलटते, ते तडकतं, तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो. आमच्याकडे नवीन मूल पहिला आठवडा नुसत्या रबरी पट्ट्यावर काढतं.

मी नागोयात राहतो आणि इथे क्यूदो, म्हणजे जपानी तिरंदाजी, शिकतो. आमच्या पद्धतीत अंगठ्याने दोरी ओढतात. भारतात मात्र तिरंदाज अंगठा वापरत नाहीत असं वाचलं. मग एकलव्याचा अंगठा गेल्याने एवढं काय बिघडलं? – एक वाचक, जपान

तुमचा प्रश्न वाचून मी खरोखर खूश झाले, कारण या गोष्टीकडे फार कमी जण बारकाईने बघतात.

आज स्पर्धेत रिकर्व्हवाले दोरी ओढतात ती तर्जनी बाणाच्या वर आणि मधलं बोट व अनामिका खाली ठेवून. अंगठा तळहाताशी मुडपलेला असतो, हनुवटीखाली हात टेकवताना तो मध्ये येऊ नये म्हणून. या पद्धतीत अंगठा नसलेला माणूसही बाण सोडू शकतो. पण तुर्कस्तानपासून मंगोलिया, कोरिया, जपानपर्यंत जुनी रीत तुमचीच, अंगठ्याची. अंगठा दोरीला अडकवायचा आणि वरून तर्जनीने कुलूप लावायचं. दोरी कापू नये म्हणून अंगठ्यात हाडाची, शिंगाची, दगडाची अंगठी. मुघलांच्या हिरव्या पाचूसारख्या दिसणाऱ्या जेडच्या अंगठ्या संग्रहालयांत आहेत, त्या दागिना म्हणून बघून लोक पुढे जातात. तुमच्या हातमोज्यातला कडक अंगठा आणि त्याच्या बुडाशी असलेली दोरीची खाच हे तेच काम करतात. अंगठ्याने ओढताना बाणही धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो, आमचा डाव्या अंगाला.

आता आदिपर्व उघडा. अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीइतका शीघ्र राहिला नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. ज्याने हे रचलं त्याला दोन्ही पद्धती ठाऊक होत्या. द्रोणांनी नेम मागितला नाही, वेग मागितला. अंगठ्याच्या पद्धतीत बाण बाहेरच्या अंगाने झटकन लागतो, पाठोपाठ दुसरा सोडता येतो. बोटांनी ओढणाऱ्याला तेवढी चपळाई कठीण. सातपुड्याकडच्या भिल्लांत काही जण आजही एकलव्याच्या मानाखातर अंगठा न लावता बाण सोडतात असं सांगतात.

तुमच्याकडे २८ मीटरवरच्या लक्ष्याइतकीच सोडण्याच्या क्रियेला किंमत देतात, हे मला मनापासून आवडतं. बाण सुटल्यावर धनुष्य मुठीत गर्रकन फिरून दोरी मनगटाच्या बाहेर येते, ते एकदा प्रत्यक्ष बघायची इच्छा आहे.

वय चोपन्न. दोन वर्षांपूर्वी खांदा आखडला होता, आता बरा आहे. स्पर्धा नको, छंद हवा. जमेल? – एक वाचक, ठाणे

जमेल. आधी डॉक्टरांकडून खांद्याला होकार घ्या, मग अठरा-वीस पाउंडांचं रिकर्व्ह घेऊन बेअरबो करा. साइट नाही, लांब दांड्या नाहीत, क्लिकर (पुरेसं ताणलं की टिक वाजणारी पट्टी) नाही. नियम इतका साधा आहे की दोरी उतरवलेलं धनुष्य १२.२ सेंटिमीटरच्या कड्यातून आरपार जायला हवं.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त आनंद याच प्रकारात मिळतो. नेम धरायचा बाणाच्या टोकाने. मग जवळच्या लक्ष्यावर बाण उंच जाईल की! म्हणून बोटं बाणाच्या खाली दोरीवर सरकवतात. लक्ष्य जितकं जवळ, तितकी बोटं खाली. बोटांवरच्या चामड्याच्या टॅबला शिवण असते, अंगठ्याच्या नखाने तिचे टाके मोजायचे, नख त्या जागी दोरीवर टेकवायचं आणि बोटं तिथे लावायची. दहा मीटरला किती टाके, अठराला किती, हे प्रत्येकाचं वेगळं. एक छोटी वही ठेवा. पन्नाशीनंतर सुरू करणाऱ्यांचं लक्ष या मोजणीत छान लागतं, मी पाहिलंय. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पन्नासच्या आत बाण. खांदा दुखला तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

मी धडगावचा, अकरावीत आहे. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळतो. शहरातली मुलं म्हणतात, ही काय खरी तिरंदाजी नाही. रिकर्व्ह घ्यायला पैसे नाहीत. – एक विद्यार्थी

तू खेळतोस ती पूर्ण तिरंदाजी आहे. राष्ट्रीय स्पर्धेत तिचा स्वतंत्र गट आहे, मोठ्यांना ५० आणि ३० मीटर. साइटशिवाय लाकडी बाणाने पन्नास मीटरवर लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात घालणं काय असतं, हे त्या मुलांनी एकदा करून बघावं. राजस्थानचे लिंबाराम असेच बांबूवर हात बसवून पुढे आले आणि तीन ऑलिंपिक खेळले. तुमच्याकडच्या जुन्या धनुष्याची दोरीही बांबूच्या सालीची असते. ती वळणारं कुणी घरात, पाड्यावर असेल तर शिकून घे, ते ज्ञान विकत मिळत नाही.

रिकर्व्हचं नंतर बघू. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या निवड चाचण्या देत राहा. निवासी क्रीडा प्रबोधिनीत किंवा सैन्यात जागा मिळाली की साहित्य तिथून मिळतं, मुलांच्या घरून लाखभर रुपये निघत नाहीत हे त्यांनाही ठाऊक असतं.

तोवर एक काम कर. तुझे बाण एकसारखे नाहीत, लाकडाचे कधीच नसतात. तुझ्या धनुष्याला मध्ये खाच नाही, त्यामुळे सुटताना प्रत्येक बाण मुठीला वळसा घालून, वाकून पुढे जातो. कडक काडी कमी वाकते आणि डावीकडे जाते, लवचीक काडी उजवीकडे (तू डावखुरा असशील तर उलट). प्रत्येक बाणावर पेनाने आकडा घाल. तीस मीटरवर सगळे बाण सोड, कागदावर लक्ष्य काढून कुठला आकडा कुठे पडला ते मांड. असं आठवडाभर कर. जे सहा बाण रोज एकमेकांजवळ पडतात ते स्पर्धेसाठी बाजूला बांधून ठेव, बाकीचे सरावाला. सराव संपला की दोरी उतरवायची आणि धनुष्य सावलीत आडवं ठेवायचं, चुलीजवळ नाही. कागद मला पाठव, पुढच्या अंकाआधी उत्तर देईन.