शेक संपून ४ वर्षं झाली, आता लघवीतून रक्त

प्रश्न: आम्ही रावेरकडचे, केळीवाले. आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, ४ वर्षांपूर्वी शेक (रेडिएशन) दिले, बरी होती. आता दिवाळीपासून लघवीतून रक्त जातंय, कधी गाठी पण पडतात. कोणी म्हणालं ऑक्सिजनच्या चेंबरमधे बसवा. आई म्हणते, आते बस व्हयनं. घरी सिलेंडर आणून चालेल का?

उत्तर: दादा, आधी दुर्बिणीने लघवीची पिशवी तपासून घ्या. आजार परत आलाय की हा शेकाचा उशिरा दिसणारा त्रास आहे हे ठरल्याशिवाय चेंबरचा विषयच नको.

शेकाचा त्रास निघाला तर मात्र विचार नक्की करा. शेकाने बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बुजतात, पिशवीचं अस्तर उपाशी राहतं आणि मग जरा कशाने रक्त येतं. चेंबरमधे हवेच्या दाबाच्या साधारण सव्वादोन-अडीच पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात, त्याने तिथे नव्या वाहिन्या फुटायला मदत होते. घरच्या सिलेंडरला तो दाबच नाही, त्यामुळे तो खर्च वाया. फुगवायचे मऊ चेंबर निघालेत, त्यातही दाब फार कमी असतो, नादी लागू नका.

२०१९ मधे युरोपातल्या एका अभ्यासात शेकामुळे लघवीची पिशवी बिघडलेल्यांना चेंबरची ३० ते ४० सिटिंग दिली, त्यांचा त्रास नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कमी झाला. आतड्याच्या त्रासावर इंग्लंडमधे असंच बघितलं तर फायदा दिसला नाही, म्हणून "शेकाच्या सगळ्या त्रासावर रामबाण" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब.

खरी अडचण दिवसांची. रोज दीड-दोन तास, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे ४० सिटिंगला ८ आठवडे. रावेरहून रोज जाणं-येणं जमायचं नाही, चेंबर असेल त्या गावात कोणा नातेवाईकाकडे सोय बघा, केळीची कापणी कधी आहे तेही बघूनच तारीख घ्या. विमा असेल तर मंजुरी आधी लेखी.

आत जाताना सुती कपडे, मोबाईल नाही, आणि डोक्याला तेल अजिबात नाही (आपल्याकडच्या बायकांना हे जड जातं, पण ऑक्सिजनमधे आग लागायची भीती असते). सप्तशृंगीचा घाट चढताना बसतात तसे कानाला दडे बसतील, आवंढा गिळत राहायचं, दुखलं तर लगेच सांगायचं. काहींना थोडे दिवस लांबचं धूसर दिसतं. शुगर असेल तर ती आत असताना उतरू शकते. फुप्फुसाचा जुना आजार, फिट, कानाचं ऑपरेशन, काहीही असेल तर आधीच सांगा.

आणि गाठींमुळे लघवी अडली तर थांबू नका, रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.