हिंडेनबुर्ग: तेच प्रश्न पुन्हा

पहिल्या महायुद्धातले जर्मन फील्डमार्शल आणि नंतरचे जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष पाउल फॉन हिंडेनबुर्ग यांच्याबद्दल त्याच त्या शंका सतत येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: १९३७ साली पेटलेल्या हवाई जहाजाशी त्यांचा काही संबंध?

त्यांचं नाव दिलं होतं, एवढाच.

प्रश्न: १९१४ मधली रशियाविरुद्धची टॅनेनबर्गची लढाई त्यांनी एकट्यांनी जिंकली ना?

नाही. ते १९११ मध्येच निवृत्त झाले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, परत बोलावलं. सोबत दिलेले सेनाधिकारी लुडेनडॉर्फ बेल्जियममधलं लिएज जिंकल्यामुळे आधीच गाजलेले होते आणि सैन्याची हलवाहलव तिथले अधिकारी माक्स होफमान यांनी दोघे पोहोचण्यापूर्वीच सुरू केली होती. श्रेय मात्र हिंडेनबुर्गना मिळालं. लढाईचं नावही मुद्दाम निवडलेलं: १४१० मध्ये तिथे ट्यूटॉनिक सरदारांचा (मध्ययुगीन जर्मन धर्मयोद्ध्यांचा) झालेला पराभव पुसायला. वर्षभरात बर्लिनमध्ये त्यांचा भव्य लाकडी पुतळा उभा राहिला आणि लोक पैसे भरून त्यात खिळे ठोकू लागले.

प्रश्न: जर्मन सैन्याचे तेव्हाचे प्रमुख फाल्केनहाइन यांच्याशी वैर कशावरून?

जादा सैन्य पूर्वेला द्यायचं की पश्चिमेला, यावरून. फ्रान्समधल्या व्हर्दंवरचा हल्ला फसला आणि ऑगस्ट १९१६ मध्ये फाल्केनहाइन यांची जागा हिंडेनबुर्गना मिळाली. जुलै १९१७ मध्ये हिंडेनबुर्ग-लुडेनडॉर्फ जोडीने राजीनाम्याची धमकी दिली आणि चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बेटमान-होलवेग यांना जावं लागलं.

प्रश्न: क्लासच्या नोट्समध्ये आहे की जर्मन सैन्य हरलंच नव्हतं, पुढाऱ्यांनी पाठीत सुरा खुपसला. परीक्षेत हेच लिहू का?

अजिबात नाही! हे वाक्य वाचलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. २९ सप्टेंबर १९१८ रोजी बेल्जियममधल्या स्पा गावी कैसरसमोर (जर्मन सम्राटासमोर) ताबडतोब युद्धविरामाची मागणी केली ती हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांनीच. पुढारी नंतर आले. ११ नोव्हेंबरला सही करायला पुढे केलं ते माटियास एर्झबेर्गर यांना, एका नागरी नेत्याला. वर्षभराने संसदीय चौकशी समितीसमोर हिंडेनबुर्ग यांनी सैन्याच्या पाठीत सुरा खुपसल्याचं सांगितलं, तेही एका इंग्रज सेनापतीच्या तोंडी घालून. १९२१ मध्ये एर्झबेर्गर यांचा खून झाला. स्वतः मागितलेल्या युद्धविरामाचं ओझं दुसऱ्याच्या माथी मारलं गेलं, आणि शंभर वर्षांनी आपल्या नोट्समध्ये तेच छापलं जातंय. ते पान आजच इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा, परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका.

प्रश्न: हिटलरला चॅन्सेलर केल्याबद्दल लुडेनडॉर्फनी हिंडेनबुर्गना इशाऱ्याचं पत्र लिहिलं होतं. ते व्हॉट्सॲपवर आलंय, भाषणात वापरू का?

वापरू नका. मूळ पत्र कुणाला सापडलेलं नाही; अभ्यासक ते बनावट मानतात. शिवाय १९२३ च्या म्युनिकमधल्या फसलेल्या नाझी उठावात लुडेनडॉर्फ स्वतः हिटलरच्या बाजूला होते.

प्रश्न: 'दुर्मिळ हिंडेनबुर्ग क्रॉस' ऑनलाइन घेतला. किंमत योग्य होती का?

पैसे भरण्याआधी विचारायला हवं होतं. पहिल्या महायुद्धातल्या सहभागासाठीचं हे पदक १९३४ पासून वाटलं गेलं, ८० लाखांहून अधिक लोकांना. दुर्मिळ म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक. नकलाही असतात, त्यामुळे फोटोवरून मी काही सांगणार नाही. पदकं हाताळणाऱ्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा, आणि परत करण्याची मुदत उरली असेल तर आजच.